पाहुण्यांचे पाहुणे

थाई भाषेत पाहुण्याला 'खॅक' म्हणतात आणि भारतातून आलेल्या माणसालाही 'खॅक'च म्हणतात. आधी दारी आलेल्या कोणालाही लागू असलेल्या या शब्दात पुढे पश्चिमेकडून समुद्रमार्गाने आलेले तमिळ, गुजराती, पठाण, अरब असे सगळेच बसले. बँकॉकच्या सीलोम रस्त्यावर एकोणिसाव्या शतकात तमिळांनी उभारलेले मारिअम्मनचे देऊळ लोकांच्या तोंडी 'वात खॅक' आहे आणि रस्त्याकडेला तळून मिळणारी केळी 'क्लुआय खॅक' आहेत. हा शब्द प्रत्येक वेळी प्रेमानेच उच्चारला जातो असे नाही, पण त्याचा मूळ अर्थ पुसला गेलेला नाही. औपचारिक थाईत पाहुण्यासाठी दुसरा शब्द आहे, 'आखन्तुका'. तो पालीतून आला आणि मराठीतल्या 'आगंतुक'चा तो सख्खा भाऊ. मराठीत आगंतुकाला न बोलावता आल्याची छटा चिकटली, थाईत मात्र राजाच्या पाहुण्यालाही हाच शब्द शोभतो. नोकरीनिमित्त थायलंडमध्ये राहणारे मराठी जोडपे या दोन शब्दांच्या सावलीत संसार मांडते. कितीही वर्षे राहिले तरी शेजाऱ्यांच्या भाषेत ते पाहुणेच असतात. आणि पुण्याहून, नाशिकहून, रत्नागिरीहून माणसे त्यांच्याकडे येतात तेव्हा या पाहुण्यांनाच यजमान व्हावे लागते.

बँकॉकमधले जुने भारतीय म्हणजे पाहुरात बाजारातले कापडाचे शीख व्यापारी, गोरखपूरकडून आलेली कुटुंबे आणि सीलोमच्या देवळाभोवतीचे तमिळ. १९६९ साली आदित्य बिर्लांनी थायलंडमध्ये सूतगिरणीचा उद्योग सुरू केला आणि कारखान्यांबरोबर भारतीय अभियंते, हिशेबनीस, व्यवस्थापक येऊ लागले. पुढे मोटारींचे सुटे भाग, माहिती तंत्रज्ञान, औषधे, बँका आणि संयुक्त राष्ट्रांची कार्यालये यांनी त्यांत भर घातली. मराठी माणसे बहुधा या दुसऱ्या लाटेतली. त्यांची दुकाने नाहीत आणि पिढीजात वस्तीही नाही. असतो तो काही वर्षांचा करार आणि दरवर्षी नूतनीकरण करायचा परवाना. जोडप्यापैकी एकाला कामाचा परवाना मिळतो. दुसरा जोडीदार अवलंबित म्हणून राहतो आणि वेगळा परवाना काढल्याशिवाय त्याला नोकरी करता येत नाही. भारतात शिकवणारी, हिशेब पाहणारी किंवा दवाखाना चालवणारी कितीतरी बायकामाणसे इथे आल्यावर पहिल्यांदा दिवसभर घरी राहतात. थाई भाषेतला नवरा 'सामी' आहे, म्हणजे स्वामी, आणि बायको 'फनरया', म्हणजे भार्या. अनोळखी लिपीतल्या अर्जावर आपले नाते असे संस्कृतात उमटलेले पाहून परकेपणाची धार थोडी बोथट होते.

परदेशी जोडप्यांचा दुसरा मोठा वर्ग निवृत्त युरोपीयांचा. पन्नाशी ओलांडलेल्या आणि बँकेत ८ लाख बाटची ठेव असलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीच्या परवान्यावर राहता येते. हुआ हिनच्या किनाऱ्यावर, चिआंग मायच्या डोंगरपायथ्याशी आणि ईशान्येकडच्या उदोन थानीत अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुले-नातवंडे येतात, ती अकरा-बारा तासांचा प्रवास करून, आणि म्हणून दोन-तीन आठवडे राहतात. मराठी जोडप्याची गोष्ट वेगळी आहे. मुंबईहून बँकॉकला विमानाने साडेचार तासांच्या आत पोहोचता येते, म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वेप्रवासाच्या निम्म्याहून कमी वेळात. घड्याळ फक्त दीड तास पुढे करायचे. त्यामुळे इथे येणे ही आयुष्यातली एकदाची यात्रा राहत नाही, चार दिवसांची जोडून सुटी मिळाली तरी येता येते.

नियमांनीही ही वाट रुंद केली. पूर्वी भारतीय पाहुण्याला विमानतळावर रांग लावून २,००० बाट भरून १५ दिवसांचा व्हिसा घ्यावा लागे. १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना राहण्याची मुभा मिळाली आणि १५ जुलै २०२४ पासून ती ६० दिवसांची झाली. त्या वर्षी २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला आले. त्यांतले बहुतेक हॉटेलात उतरले, पण 'आपलं कोणीतरी तिथे आहे' एवढ्या आधारावर आलेलेही त्यांत होते. १ मे २०२५ पासून येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला प्रवासाआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागू लागले. त्यात थायलंडमधला मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. सांगलीच्या काकूंनी इमारतीचे न उच्चारता येणारे नाव एकेक अक्षर विचारून घेत त्या रकान्यात भरले, की पाहुणचार सुरू झालाच म्हणायचा. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून नातेवाइकांचे तिकीट काढून होण्याआधी चालू नियम पाहून घेणे हे यजमानाचे पहिले काम ठरते.

दुसरे काम पाहुणे पोहोचल्यावरचे. १९७९ सालच्या थाई स्थलांतर कायद्याचे ३८वे कलम सांगते, की परदेशी व्यक्तीला ज्याने घरात ठेवून घेतले त्याने २४ तासांच्या आत ते अधिकाऱ्यांना कळवावे. या नोंदीचा अर्ज 'टीएम ३०' म्हणून ओळखला जातो. हॉटेलात ती नोंद हॉटेलवाले करतात, घरी उतरलेल्या पाहुण्याची घरच्यांनी करायची. आईवडिलांच्या पारपत्राची छायाचित्रे काढून ती पोलिसी यंत्रणेकडे पाठवायची, हे पहिल्या वेळी मनाला लागते. आपल्याच माणसांची खबर द्यावी तसे वाटते. पण त्या कलमातला शब्द नीट पाहिला तर अर्थ पालटतो. कळवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला कायदा 'चाओ बान' म्हणतो. चाओ म्हणजे धनी, बान म्हणजे घर. रोजच्या बोलण्यात चाओ बान म्हणजे यजमान. आणि कायद्याच्या व्याख्येत हा घरधनी मालकच असला पाहिजे असे नाही, तो भाडेकरूही असू शकतो. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन घेता येत नाही आणि गृहसंकुलातले परदेशी मालकीचे क्षेत्र ४९ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे मालकीच्या बाबतीत तो कायम उंबऱ्याबाहेर. पण त्याच्याकडे कोणी मुक्कामाला आले, की तोच कायदा त्याला घरधनी म्हणून हाक मारतो. पाहुणा आल्यामुळे पाहुणा यजमान होतो, याची याहून स्पष्ट नोंद सापडणे अवघड.

घर बहुधा उंच इमारतीतले, एक-दोन खोल्यांचे. उद्वाहनाचे कार्ड आपल्याच मजल्यापुरते चालते, म्हणून पाहुण्यांसाठी जादा कार्ड मागून घ्यावे लागते. स्वयंपाकाचा ओटा लहान असतो. पुष्कळ इमारतींत गॅसची टाकी ठेवू देत नाहीत, विजेच्या शेगडीवर भागवायचे. नळाचे पाणी कोणी पीत नाही, इमारतीखालच्या यंत्रात नाणे टाकून कॅन भरून आणायचे. पाहुणे आले की पाण्याचा खप दुपटीने वाढतो आणि सकाळ-संध्याकाळ कॅन भरणे हे जोडप्यातल्या एकाचे ठरलेले काम होते. धुलाईयंत्र गॅलरीत असते आणि चादरी वाळत घालायला जागा हातभरच. मराठी पाहुण्यांच्या सुट्या दिवाळीतल्या आणि मे महिन्यातल्या. दिवाळीचा काळ बरा, कारण पाऊस ओसरू लागलेला असतो. मेमध्ये मात्र उन्हाळा आणि पाऊस यांचा सांधा असतो आणि दमटपणा मुंबईकरालाही जाणवतो. हे सगळे फोनवर सांगून होते. समोरून प्रश्न येतो तो एकच, "येताना काय आणू?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे घरापासून दूर राहण्याचा खरा ताळेबंद. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ, आमसुले, पोह्याचे पापड, एखादा दिवाळी अंक. डाळी, पिठे, जिरे-मोहरी पाहुरातला मिळतात, पण ती चव उत्तरेकडची किंवा दक्षिणेकडची. काळ्या मसाल्याचा वास दुकानात मिळत नाही, तो कोणाच्या तरी बॅगेतूनच येतो. काय आणू नये हेही सांगावे लागते. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे आणि ताजी फळे, रोपे, बियाणे यांना वनस्पतींच्या रोगप्रतिबंधाचे नियम लागू आहेत. हापूसची पेटी आणण्याचा बेत त्यामुळे राहून जातो. हापूसच्याच महिन्यांत इथे 'नाम दोक माय' आंबा पिकलेला असतो, लांबट, पिवळा, रेषा नसलेला. नावाचा अर्थ फुलांचे पाणी. चिकट भातावर नारळाचे खारट-गोड दूध घालून त्याच्याबरोबर हा आंबा देतात. हापूसशी तुलना प्रत्येक पाहुणा करतो आणि हापूसच्या बाजूनेच निकाल देतो. यजमानालाही ती तुलना हवीच असते, कारण त्या निमित्ताने कोकणातल्या आंब्याबद्दल तासभर बोलणे होते.

बँकॉकच्या मुख्य विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, आणि परतीच्या वाटेवर तिथे समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. वासुकीचा दोर, मधे मंदार, दोन बाजूंना देव आणि दानव. इमारतीच्या दारावर पहारेकरी हात जोडतो आणि 'सवात्दी' म्हणतो, ज्याच्या मुळाशी 'स्वस्ति' आहे. घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, तेही जुनेच वळण. एवढ्या ओळखीच्या खुणा पाहून नवा पाहुणा सुखावतो. पण पहिल्याच संध्याकाळी तो जेवायला बाहेर पडतो आणि ओळख संपते. भाजीच्या परतणीतही मासळीचे पाणी असते, पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते, तांबड्या वाटणात कोळंबीचा खार असतो. शाकाहारी माणसाला थाई जेवण समजावणे म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थांची यादी वाचून दाखवणे.

इथे यजमानाला थाई शिकण्याचे खरे कारण सापडते. 'माय साय नाम प्ला', मासळीचे पाणी घालू नका, हे वाक्य पाहुण्यांपायी पाठ होते. त्याहून उपयोगी शब्द 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसले की तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसते, आणि कांदा-लसूणही नसतो. चिनी परंपरेतून आलेला हा आहार चातुर्मास पाळणाऱ्या आजीला किंवा माळकरी मामांना बिनदिक्कत चालतो. आश्विनात नऊ दिवस हा 'जे'चा उत्सव असतो आणि कितीतरी वर्षी तो नेमका नवरात्रातच येतो. तेव्हा रस्तोरस्ती पिवळे झेंडे लागतात, सीलोमच्या देवळात देवीचा उत्सव चालू असतो आणि विजयादशमीला त्याच रस्त्यावरून मिरवणूक निघते. घट घरी बसवून आलेली पाहुणी ती मिरवणूक पाहते, तेव्हा तिला प्रवासात व्रत मोडल्याचे दुःख राहत नाही.

मासे खाणारा पाहुणा आला तर घरच्यांचे काम हलके होते. अलिबागकडचा माणूस बाजारात 'प्ला कापोंग' पाहून थबकतो, कारण तो त्याचा जिताडाच असतो. इथे तो लिंबू, लसूण, मिरची घालून अख्खा वाफवतात. 'प्ला थू' हा बांगड्याचा जवळचा नातेवाईक, बांबूच्या छोट्या टोपलीत माना मोडून दोन-तीन एकत्र ठेवलेला. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या माणसाला 'कापी' या कोळंबीच्या खाराचा वास नकोसा होत नाही. मंडईत नारळ खवून मिळतो, केळफूल, दोडका, नाळीची भाजी, फणस, चवळीच्या शेंगा मिळतात. गणेशचतुर्थीला ऐरावताचे चित्र असलेल्या पुडीतले तांदळाचे पीठ आणि ताडगूळ घेऊन मोदक वळले जातात. थायलंडमध्येही देवस्थानी 'खनोम तोम' ठेवतात. तांदळाच्या उकडीत खोबरे आणि ताडगुळाचे सारण, वरून खोबऱ्याचा कीस. गणपतीला इथे 'फ्रा फिकनेत' म्हणतात, ललितकला खात्याच्या बोधचिन्हावर तोच आहे आणि छाछोएंगसाओ प्रांतात त्याची ३९ मीटर उंच उभी मूर्ती आहे. मोदकाचा हा दूरचा भाऊ पाहिल्यावर पाहुण्या सुगरणी कळ्या किती पडल्या हे विसरून पिठाची चौकशी करू लागतात.

मग शहर दाखवणे. राजवाडा आणि वात फ्रा केओ, वात फोमधला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, चाओ फ्राया नदीपलीकडचे अरुणाचे देऊळ, शनिवार-रविवारचा चातुचाक बाजार, प्रातूनामचे कपडे. हा क्रम बहुतेक घरांत ठरून गेलेला असतो. राजवाड्याचे तिकीट थाई नागरिकाला नाही, परदेशी माणसाला ५०० बाट आहे, आणि इथे दहा वर्षे राहणारा यजमानही त्या दारात परदेशीच असतो. मोबदला घेऊन वाटाड्याचे काम करणे हे थाई कायद्याने फक्त थाई नागरिकांसाठी राखून ठेवले आहे. घरच्यांना घरच्यांनी फिरवायला हरकत नसते, पण मोठा घोळका घेऊन देवळात मोठ्याने व्याख्यान देणे शहाणपणाचे नाही. यजमान त्यामुळे हळू आवाजात, कानाशी सांगतो.

वात फ्रा केओच्या भोवतीच्या ओवरीत मात्र सांगणारा आणि ऐकणारा यांची जागा बदलते. तिथे भिंतींवर १७८ चित्रांमध्ये थाई रामायण, रामकियेन, रंगवले आहे. चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते सिद्ध करवले. इतका वेळ मुकाट्याने मागून चालणाऱ्या आजी इथे पुढे होतात. हे शेपटीने पेटवलेले नगर, ही अशोकवनातली सीता, हा सेतू. रावणाला इथे 'थोत्सकन' म्हणतात, म्हणजे दशकंठ, हे कळल्यावर त्यांना कोणाची मदत लागत नाही. हनुमानाच्या प्रेमकथा पाहून त्या थांबतात, कारण त्यांचा मारुती ब्रह्मचारी आहे आणि रामकियेनमधला तसा नाही. त्यावर घरी पोहोचेपर्यंत चर्चा होते. पाचव्या-सहाव्यांदा त्याच ओवरीत आलेल्या यजमानालाही तेव्हा ती चित्रे नव्याने दिसतात. पाहुण्याला गाव दाखवताना पाहुण्याकडून गाव पाहायला मिळते, हा या ऊठबशीचा मोठा परतावा आहे.

स्थळांची नावेही असाच आनंद देतात. १९९९ साली सुरू झालेल्या उन्नत रेल्वेत बसले की राजदेवीचे 'रात्चथेवी' लागते, पुढे विजयस्मारकाच्या थाई नावात 'चाय समोरफूम', म्हणजे जय-समरभूमी. शहराबाहेर कांचनपुरीची कांचनाबुरी, विष्णुलोकाचे फित्सनुलोक, अयोध्येच्या नावाची आयुथ्या. दूरध्वनीला 'थोरसाप', म्हणजे दूरशब्द. वेळेला 'वेला', आहाराला 'आहान', आचार्याला 'आचान'. निवृत्त शिक्षक असलेले सासरे एका आठवड्यात अशा पन्नास शब्दांची वही करतात. ऐकून शब्द लागत नाही, कारण सुरांची चढउतार आड येते, पण उकलून दाखवला की चेहरा खुलतो.

माणसांमधली उकल त्याहून नाजूक. थाई लोकांचा एक गुण 'क्रेंगजाय' या शब्दात सांगतात. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मागे सरणे. मराठीतली 'भीड' त्याच्या अगदी जवळ आहे. वरच्या मजल्यावर रात्री गप्पा रंगल्या, फोडणीचा खमंग धूर वाटेत पसरला, तर शेजारी तोंडावर काही बोलणार नाही. त्याची नाराजी दुसऱ्या दिवशीच्या अवघडलेल्या हसण्यातून ओळखावी लागते. पाहुण्यांना हे कसे सांगायचे, हा यजमानाचा रोजचा पेच. कोणाच्या डोक्याला हात लावू नये, मूर्तीकडे पाय करून बसू नये, राजघराण्याविषयी सैल बोलू नये कारण तो गंभीर गुन्हा आहे, बाजारात आवाज चढवून घासाघीस करू नये. आणि पाहुणेही भीड धरून असतात. चहा दोनदा हवा असतो आणि एकदाच मागतात. गुडघा दुखतो आणि पायऱ्या चढतात. यजमान दोन्हीकडच्या भिडेचा दुभाषी असतो.

पाहुण्यांचे प्रकार तीन. पहिला, चार-पाच दिवसांचे मित्र-नातेवाईक. त्यांना समुद्र, बाजार आणि छायाचित्रे हवी असतात, आणि घरी ते झोपण्यापुरते असतात. दुसरा, ओळखीच्यांच्या ओळखीचे. एका रात्रीपुरते उतरतात, संकोचाने चिवड्याची पुडी पुढे करतात आणि पुन्हा भेटत नाहीत. या दोन्हींचा भार घरी राहणाऱ्या जोडीदारावर पडतो. सकाळी डबा-न्याहारी, दुपारी बाजारहाट, संध्याकाळी पुन्हा ओटा. कामावर जाणारा संध्याकाळी येऊन गप्पांत बसतो, तेव्हा दिवसभराचे काम ओटा पुसून झालेल्या फडक्यासारखे बाजूला पडलेले असते. समजूतदार घरांत यासाठी आपसूक वाटणी होते. विमानतळ, नोंदणी, पाणी, तिकिटे एकाकडे, आणि एक वेळचे जेवण बाहेर. पाहुरातजवळच्या गुरुद्वाऱ्यातले लंगर अनेक थकल्या यजमानिणींना उपयोगी पडले आहे.

तिसरा प्रकार आईवडिलांचा, आणि तो सगळ्यांत खोल. ते फिरायला म्हणून येतात आणि राहायला म्हणून उरतात. पहिल्या आठवड्यात राजवाडा, नदी, आयुथ्या होते. मग सोमवार येतो, मुलगा किंवा मुलगी कामावर जाते आणि बाविसाव्या मजल्यावर दोन म्हातारी माणसे काचेतून शहर पाहत बसतात. खाली ओटा नाही, पारावर बसणारे कोणी नाही, वर्तमानपत्र वाचता येत नाही. या दिवसांत त्यांच्यासाठी एक वाट आखून द्यावी लागते. सकाळी बाग, मग इमारतीखालचे दुकान, मग मंडईतली ठरलेली भाजीवाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती भाजीवाली 'किन खाव रू यांग' म्हणते. अर्थ कळायला वेळ लागत नाही, कारण 'जेवलात का?' हाच गावाकडचाही नमस्कार असतो. आई मग बोटांनी मोजून नाणी देते आणि जाताना हात जोडते. त्या दिवशी संध्याकाळी ती भाजीवालीची गोष्ट सांगते, राजवाड्याची नाही.

या लांब मुक्कामाला काळजीची किनार असते. औषधांची चिठ्ठी आणि पुरेशा गोळ्या बरोबर आहेत ना, प्रवासविमा उतरवला आहे ना, कारण खासगी रुग्णालयांचा खर्च मोठा असतो. रुग्णवाहिकेचा १६६९ आणि पर्यटक पोलिसांचा ११५५ हे क्रमांक फ्रिजवर चिकटवलेले असतात. मुदत संपण्याची तारीखही तिथेच असते, कारण मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाट दंड आहे. मध्यरात्री वडिलांना खोकला लागला तर मुलगा दाराशी जाऊन उभा राहतो. लहानपणी हे उलटे होत असे. परक्या देशात आईवडील मुलांच्या हाताला धरून रस्ता ओलांडतात आणि मुलांना कळते, की आपण या घराचेच नाही तर त्यांचेही चाओ बान झालो आहोत.

कार्तिकात आलेल्या आईवडिलांना आणखी एक दिवस मिळतो. थाई पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला लोय क्राथोंग असतो आणि तो बहुधा त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. केळीच्या खोडाची चकती, भोवती पानांच्या घड्या, मधे फूल, उदबत्ती, मेणबत्ती. नदीची, 'फ्रा मे खोंगखा'ची, म्हणजे गंगामाईची क्षमा मागून तो दिवा पाण्यात सोडायचा. वाईच्या किंवा नाशिकच्या घाटावर द्रोणात दिवे सोडलेल्या हातांना काही शिकवावे लागत नाही. शेजारची थाई मुलगी क्राथोंग कसा वळायचा ते दाखवते, आई पान मुडपून टाचणी लावते आणि तिचा क्राथोंग जास्त नीट होतो. त्या रात्री घाटावर कोण खॅक आणि कोण घरचे, हे उजेडात दिसत नाही.

मग निघण्याचा दिवस. रिकाम्या बॅगांत सुकवलेला आंबा, चिंचेच्या गोळ्या, हुंगायची 'यादोम', शेजाऱ्यांसाठी हत्तीच्या चित्रांच्या पिशव्या. बुद्धमूर्ती घ्यायची असेल तर देशाबाहेर नेण्याचा परवाना लागतो, म्हणून ती बहुधा राहते. विमानतळावर समुद्रमंथनापाशी शेवटचे छायाचित्र निघते. पाहुण्यांना सोडून परतल्यावर घर मोठे वाटते. चादरी धुवायला पडतात, जादा कार्ड खाली परत जाते, फडताळात गोड्या मसाल्याची बरणी गळ्यापर्यंत भरलेली असते आणि भाजीवाली मंडईत हातवारे करून आईची चौकशी करते. जोडप्याला त्या भाजीवालीचे नाव आईमुळेच कळलेले असते.

काही दिवसांनी फ्रिजवरच्या कागदावर उरलेली एक तारीख जवळ येते. देशात सलग नव्वद दिवस राहिलेल्या परदेशी माणसाने आपला पत्ता पुन्हा कळवावा, असे स्थलांतर कायद्याचे ३७वे कलम सांगते. पाहुण्यांची नोंद करणारे जोडपे आता स्वतःची नोंद करते. ३७व्या कलमात ते परदेशी आहेत आणि लगेच पुढच्या ३८व्यात घरधनी. कायद्याच्या पुस्तकात ही दोन कलमे एकापाठोपाठ छापलेली आहेत, आणि थायलंडमधला मराठी संसार त्या दोन्हींत एकाच वेळी राहतो.